आमची गाडी, आपली गाडी

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द वेगळे आहेत. 'आम्ही'त ऐकणारा येत नाही, 'आपण'त येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं मी हा फरक पोरांना व्याकरण म्हणून शिकवला. 'आमची विहीर' आणि 'आपली विहीर' यांत फरक काय, सांगा बघू? पोरं बरोबर सांगायची. पण त्या फरकाचं वजन मला कळलं ते आमच्या दारात उभ्या असलेल्या एका पांढऱ्या ओम्नीमुळं. आरसी बुकावर ती आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर होती. घरात आम्ही म्हणायचो 'आमची गाडी'. गावात म्हणायचे 'आपली ओम्नी'. "आपली ओम्नी हाय की, कशाला एस्टीची वाट बघत बसता?" ज्यानं तिच्यात रुपया घातला नव्हता तोसुद्धा 'आपली' म्हणायचा आणि म्हणताना त्याच्या तोंडावर लबाडी नसायची.

मग ती होती कुणाची? वीस वर्षांवर हा प्रश्न आमच्या घरात उभा आहे, आणि गाडी पण.

आमचं गाव माण तालुक्यातलं. दहिवडी सोडून म्हसवडकडं निघालात की मधे आत वळावं लागतं. पाऊस कमी, माळ जास्त. सातारा गाठायचा तर गोंदवलं, पुसेगाव, मग वर्धनगडचा घाट उतरून कोरेगाव, तिथनं पुढं सातारा. चांगल्या गाडीला दोन तास. एस्टी दिवसातनं दोनदा यायची, रात्री मुक्कामाची एक. ती गेली की गाव म्हणजे बेटच.

२००१ साली डाळिंबानं हात दिला आणि आबांनी साताऱ्याहून ही गाडी आणली. जुनीच होती, १९९८ चं मॉडेल. जीप घ्यायची की ओम्नी यावर महिनाभर खल झाला. ओम्नीत दुधाचे कॅन बसतात, क्रेट बसतात आणि आईला पाय फार वर न उचलता चढता येतं, या तीन कारणांवर ओम्नी जिंकली. सिनेमात पळवापळवीला तीच गाडी वापरतात म्हणून गावच्या पोरांनी पहिले चार दिवस फार मजा केली. सरकता दरवाजा ओढायचा, एकाला आत कोंबायचं आणि "चल पळ" म्हणायचं.

७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मारुती ८०० चंच. ते असतं पुढच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन. त्यामुळं उन्हाळ्यात चालवणाऱ्याचं बूड भाजायचं आणि थंडीत बरं वाटायचं. कार्बोरेटरची गाडी, पहाटे चोक ओढल्याशिवाय चालू व्हायची नाही. ओढला की कुरकुरायची, मग एकदम पकडायची. तो आवाज गल्लीत सगळ्यांना पाठ झाला होता. अवेळी ऐकला की चार दारं उघडायची. कोण आजारी, कुणाला नेतायत? मधलं सीट काढून ठेवलं की गादी टाकून माणूस आडवा झोपवता येतो, हा शोध पहिल्याच पावसाळ्यात लागला. नंतर ते सीट गोठ्यातच पडून राहिलं. त्याच्यावर मांजर व्यायची.

मागणारी माणसं कशी मागतात, यावर मी एक प्रबंध लिहू शकेन. लग्नाला, देवाला, बाजाराला गाडी पाहिजे असणारा माणूस कधीच सरळ मागत नाही. येतो, ओसरीला टेकतो, पाणी मागतो. बाजरी कशी काय? बाजरी बरी हाय. पाऊस न्हाय. न्हाय बघा. मग थोरल्या पोराचं चौकशीनं विचारतो. उठतो, चप्पल घालतो आणि चप्पल घालता घालता म्हणतो, "उद्या शिंगणापूरला जावं म्हणत हुतो. गाडी कुठं जाणार न्हाय न्हवं?" म्हणजे नाही म्हणायचं तर तुम्हाला वाट आहे आणि त्यालाही. गाडी जाणार आहे, असं आबा म्हणाले की प्रश्न मिटला, कुणाचा शब्द पडला नाही. पण रात्री दोनला दार वाजवणारा बाजरी विचारत नाही. तो फक्त म्हणतो, "गुरुजी, गाडी काढा." त्यात मागणं नसतं. हुकूमही नसतो. त्या शब्दांना नाव काय द्यावं ते मला आजही कळलेलं नाही.

पुस्तकी माणूस म्हणून मी सुरुवातीला याचं उत्तर गांधींच्या विश्वस्त कल्पनेत शोधलं. संपत्ती तुझ्याकडं आहे ती समाजाची ठेव म्हणून, तू नुसता राखणदार. ऐकायला बरं वाटतं. पण ओम्नीच्या बाबतीत मला त्यात एक खोच दिसली. विश्वस्त झाला तरी किल्ली त्याच्याच खिशात असते. दार वाजवायला दुसऱ्यालाच यावं लागतं. विश्वस्ताचं मन मोठं होतं हे खरं, पण रात्री दोनला चालत आलेल्या माणसाची मान त्यानं वर होत नाही. गाडी देणं अवघड नव्हतं. माणसाला वाटतं देणंच अवघड. खरं अवघड होतं ते घेणाऱ्याला मिंधं न करता देणं.

गावाला हे जुन्या काळापासून ठाऊक होतं, फक्त दुसऱ्या कामात. आमच्याकडं सावड असायची. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांची मिळून एक जोडी. आज तुझं रान, उद्या माझं. कुणी कुणाला बैल 'दिला' असं म्हणत नसे. इर्जिक घातली तर गावातले औतवाले येऊन एका दिवसात एकाचं रान नांगरून द्यायचे, त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. उपकार हा शब्दच त्यात नव्हता, कारण परतफेड त्याच जातीची होती. बैलाला बैल, कष्टाला कष्ट. शेजारणीनं वाटीत कालवण दिलं तर ती वाटी रिकामी परत जात नाही, काहीतरी घालूनच जाते, त्यातलाच हा प्रकार. गाडी आली आणि हे गणित मोडलं. गावात एकच ओम्नी. तिची परतफेड कशानं करणार? दुसऱ्याकडं ओम्नी असती तर तो आमच्या दारात आलाच नसता.

आबांनी यावर आपल्या परीनं कायदा केला. एक, जिवाचं काम असेल तर नाही म्हणायचं नाही, माणूस कोण ते बघायचं नाही. दोन, पैसे हातात घ्यायचे नाहीत. पेट्रोल ज्याचं त्यानं पंपावर स्वतः टाकायचं, किती टाकतो तिकडं आपण बघायचं नाही, काच पुसत उभं राहायचं. तीन, ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं नंतर कधीतरी एक दिवस रानात यायचं.

दुसऱ्या कलमाला सरकारी कायद्याचाही आधार निघाला. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं फिरवायची नसते, भाडं घेतलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आबांना ते मी सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. "बघ, सरकारला बी आपलंच पटलंय." कायदा तसा मजेशीर आहे. रस्त्यावर अपघात झालेल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी, दवाखान्यानं अडकवून ठेवू नये असं २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं. चांगलं झालं. पण नेणाऱ्याला त्रास देऊ नका एवढंच कायदा म्हणतो. वाटेवरच्या परक्याला उचलच, असं तो म्हणत नाही. ते ज्यानं त्यानं रात्री दोनला अंथरुणात ठरवायचं.

पहिल्या कलमाची परीक्षा लवकरच झाली. आमची एका चुलत घराशी बांधावरनं दहिवडी कोर्टात केस चालू होती. नाना, म्हणजे आबांचे चुलतभाऊ आणि आबा कोर्टाच्या आवारात एकाच लिंबाच्या झाडाखाली एकमेकांकडं पाठ करून बसायचे. बोलणं बंद, रोटी बंद, मयतीला जाणं तेवढं चालू. २००४ च्या उन्हाळ्यात नानांची सून अडली. सुईण म्हणाली, दवाखान्यात न्या. नाना आले नाहीत. त्यांनी सात-आठ वर्षांच्या नातवाला पाठवलं. ते पोर दारात उभं राहिलं आणि काय बोलायचं ते विसरून रडायला लागलं. आबांनी काही विचारलं नाही, मला हलवून उठवलं. बाळबाळंतीण दोघं सुखरूप आली. चौथ्या दिवशी नानांनी एका तिऱ्हाइताच्या हातानं पाकीट पाठवलं. त्यात पेट्रोलचा हिशोब केलेला, सुट्ट्या रुपयांपर्यंत.

आई संतापली. "भावकीचं पैसं घ्यायचं? परत पाठवा." आबांनी पाकीट घेतलं, मोजलं, कोनाड्यात ठेवलं. आईशी त्या दिवशी ते बोलले नाहीत. मला मात्र रानात म्हणाले, "मी घेतलं नसतं तर पुढच्या तारखंला त्याला माझ्याकडं बघता आलं नसतं. भांडायचं कसं त्यानं?" केस त्यानंतर आणखी अकरा वर्षं चालली. दोघंही जोमानं लढले. आबांचं बरोबर की आईचं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आईच्या बाजूला माया होती. आबांच्या बाजूला त्याहून कडक काहीतरी होतं. शत्रूलासुद्धा आपल्या उपकाराखाली वाकवायचं नाही, त्याला ताठ उभं राहून आपल्या विरुद्ध बोलता आलं पाहिजे. मला वाटतं आबांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं दान म्हणजे ते पाकीट घेणं.

पण आबांच्या तिसऱ्या कलमात खोट होती, आणि ती दाखवली वस्तीवरच्या एका पोरानं. त्याच्या बापाला छातीत दुखत होतं म्हणून आम्ही त्याला दोनदा साताऱ्याला नेलं. पेट्रोलला पैसे नव्हते. बाप बरा झाल्यावर त्याची आई आणि बहीण आमच्या रानात दोन दिवस भांगलायला आल्या. कुणी बोलावलं नव्हतं, आबांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. तिसऱ्या दिवशी तो पोरगा स्वतः आला. गवंडीकाम करायचा, वीस-बावीसचा असेल. ओसरीच्या खाली उभा राहून म्हणाला, "आबा, एक इचारू? ह्या नियमात तुमच्या भावकीतली कोण बाई कवा भांगलाय आलती का?"

आबा गप्प. मीही गप्प. कारण उत्तर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. भावकीकडं पैसे असायचे, ते पंपावर द्यायचे. कष्टानं फेड करायची पाळी यायची ती नेहमी त्याच घरांवर, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी आमच्या पणज्यांच्या रानात फुकट राबण्यात आयुष्य घालवलं. कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, कागदावरनं. सावडीत कष्टाला कष्ट असतात, पण त्यासाठी दोघांकडं एकेक बैल लागतो. एकाकडं रान आणि गाडी, दुसऱ्याकडं नुसते हात, मग त्याला सावड म्हणत नाहीत. त्याला आमच्याकडं एक जुना शब्द आहे, वेठ. आबांच्या मनात तसं काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण मनात नसून काय उपयोग? रानात ती बाई वाकलेली होतीच.

आबांनी विचारलं, "मग तूच सांग, काय करावं?"

तो म्हणाला, "मला गाडी शिकवा. गुरुजींना सकाळी शाळा असती. रातीची गाडी मी नेत जाईन. माझ्या घरची असू दे, न्हायतर दुसऱ्याची."

आबांनी त्याच दिवशी त्याला ओढ्याकाठच्या माळावर नेलं. क्लच सोडताना गाडी सशासारखी उड्या मारायची, मागच्या पाट्यांचा आवाज व्हायचा, आबा दाराच्या दांडीला धरून "हळू, हळू" म्हणायचे. दोन महिन्यांत त्याचं लायसन आलं. पुढची सहा-सात वर्षं रात्रीच्या निम्म्या खेपा त्यानं केल्या. एक किल्ली आमच्या खुंटीवर असायची, दुसरी त्याच्या घरी. गावातल्या काही जणांना ते रुचलं नाही. "किल्ली वस्तीवर?" असं म्हणणारे होते. रात्री दोनला गरज पडली की तेच वस्तीवर जाऊन दार वाजवायचे. मला या सगळ्यात शेजारपाजाऱ्यांच्या चेहऱ्यांपेक्षा दुसरंच बघायला मिळालं. त्या पोराच्या घरातनं नंतर कुणी भांगलायला आलं नाही, आणि त्याची आई आमच्या ओसरीवर पहिल्यांदा टेकली. भिंतीला पाठ लावून, आईशेजारी.

गाडी ही अशी गोष्ट आहे की तिचे उपयोग मालक ठरवतो असं त्याला वाटतं. आम्हीही ठरवलं होतं, दूध आणि डाळिंब. तिच्यातनं काय काय गेलं! नवरी गेली, नवरदेव गेला, शेळ्या गेल्या, २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या छावणीवर कडबा आणि भाकऱ्या गेल्या. साताऱ्याहून मयत माणूस आणला तेव्हा मात्र घरात वाद झाला. आठच दिवसांनी एका मुलीची पाठवणी त्याच गाडीतनं व्हायची होती. तिच्या आजीनं कुरकुर केली, ज्या गाडीत मढं आलं तिच्यात पोर कशी बसवायची? आमच्या आईनं गाडी आतबाहेर धुतली, हळदीकुंकू लावलं आणि स्वतः आत जाऊन बसून राहिली. "मी बसले, मला काय झालं का?" म्हातारीनं पोर बसवली. निवडणुकीला मात्र आबांनी गाडी कुणालाच दिली नाही, दोन्ही पार्ट्यांना. त्या दिवशी ते मुद्दाम चाकाची हवा सोडून बसायचे.

२०१४ च्या जानेवारीत राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली. तोवर गावात मोबाइल घरोघर पोचले होते, चार-पाच बोलेरो आल्या होत्या, वडापच्या जीपा तर दिवसभर फिरायच्या. दार वाजणं हळूहळू कमी झालं, मग थांबलंच. क्वचित कधीतरी, ओढ्याला पाणी असलं आणि रुग्णवाहिका अलीकडं येऊ शकत नसली, तर तिथपर्यंत माणूस नेऊन पोचवायला.

इथं पुष्कळ लेखक गहिवरतात. जुनी माया गेली, माणसं तुटली, वगैरे. मला ते पटत नाही. अडलेल्या बाईचा जीव एका घरच्या खुंटीवरच्या किल्लीवर टांगलेला असणं, यात चांगलं काही नव्हतं. आबा चांगले होते म्हणून ठीक. दुसरा कोण असता तर? १०८ ला फोन करणाऱ्याला बाजरी विचारावी लागत नाही आणि नंतर कुणाच्या रानात वाकावंही लागत नाही. ती गाडी 'आपली' आहे, खऱ्या अर्थानं, कारण तिच्यावर हक्क सांगता येतो. आली नाही तर ओरडता येतं. आमच्या ओम्नीवर 'आपली' म्हणत कुणी ओरडू शकत नव्हतं.

इतकं मान्य करूनही एक गोष्ट उरते, आणि ती मला २०१७ साली कळली. तोपर्यंत गाडीच्या आत मी नेहमी पुढं बसलेलो, स्टिअरिंगवर. त्या वर्षी श्रावणात आबांना अर्धांगाचा झटका आला. ओम्नी मिस्त्रीकडं, क्लच प्लेट उघडून ठेवलेली. १०८ ला फोन केला, त्यांची गाडी दुसरीकडं पेशंट घेऊन गेलेली, थोडा वेळ लागेल म्हणाले. मी दुसरा नंबर फिरवत होतो तेवढ्यात दारात बोलेरो येऊन थांबली. नानांचा थोरला. केस संपून दोन वर्षं झाली होती, बोलणं अजून सुरू नव्हतं. आवाज कुणी पोचवला कोण जाणे. तो आला, आबांना एका बाजूनं त्यानं धरलं, एका बाजूनं मी. वर्धनगडच्या घाटात तो एकदाही जोरात वळला नाही.

मागच्या सीटवर आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. काळजी होतीच. पण तिच्या खाली आणखी एक काहीतरी टोचत होतं आणि त्याचं नाव मला कोरेगावात सापडलं. याचं डिझेल कोण टाकणार? खिशात पैसे होते. पंप दिसला की छातीत धडधडायचं, आता थांबेल, आता थांबेल. तो थांबला नाही. टाकी भरूनच आला होता. साताऱ्यात आबांना आत नेल्यावर मी त्याच्यापुढं पाकीट काढलं, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी हात खाली घेतला. तेव्हा मला ती सगळी माणसं आठवली, काच पुसण्याच्या निमित्तानं मी ज्यांच्याकडं पाठ करायचो. अंडी घेऊन येणारी म्हातारी, नको म्हटलं तरी भुईमुगाच्या शेंगा ओतून जाणारा तो मेंढका. त्यांना काय टोचायचं ते कळलं. इतक्या वर्षांत गाडी देऊन जे कळलं नव्हतं, ते एकदा घेऊन कळलं.

आबा वाचले. बोलणं अडखळत यायचं, उजवा हात गेला. घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, नानांच्या घरी डिझेलचे पैसे कसे पोचवायचे? तिऱ्हाइताकडून पाकीट पाठवू का, जसं त्यांनी पाठवलं होतं? आबा बराच वेळ आढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "असं कसं? तुम्हीच तर घेतलं होतं."

"तवा भांडायचं हुतं," आबा म्हणाले. "आता न्हाय."

ते पैसे आम्ही दिले नाहीत. दिवाळीला आईनं त्या घरी फराळाचं ताट पाठवलं. ताट परत आलं ते कणसं घालून. त्या कणसांवर नंतर ताकाची बरणी गेली. कोण कुणाचं किती देणं लागतो, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, इतका तो हिशोब गुंतला आहे. आबा २०१९ मध्ये गेले तेव्हा नाना खांदा द्यायला सगळ्यात पुढं होते. त्या दोघांचा बांध अजून वाकडाच आहे.

माझा मुलगा पुण्यात असतो. त्याच्या सोसायटीत तळमजल्यावर दीडदोनशे गाड्या कव्हर घालून उभ्या असतात, कुठली कुणाची त्याला ठाऊक नाही. रात्री गरज लागली तर तो फोनवर टॅक्सी मागवतो, पैसे देतो, विषय संपला. त्याला मी एकदा हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, संपतो हेच चांगलं नाही का? ड्रायव्हरकडं मान वर करून बघता येतं." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आबांनी पाकीट घेतलं त्याच्यामागं तोच विचार होता. मी फक्त एवढं म्हटलं की शेजारच्या फ्लॅटचं दार तू कधी वाजवलंस का? तो म्हणाला, वेळ आली नाही. वेळ येऊ नये, पण आली तर वाजवशील का? त्यावर तो विचार करत राहिला, आणि तो खोटं बोलला नाही हे मला आवडलं.

गाडी विकून टाका, असं तो दर दिवाळीला म्हणतो. २०२३ मध्ये पंचवीस वर्षं झाली म्हणून नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागली. पूर्वी त्याला सहाशे रुपये लागायचे, २०२२ च्या एप्रिलपासून खासगी गाडीला पाच हजार झाले, वर पर्यावरण कर. भंगारवाला देईल त्यातला बराच भाग त्यातच गेला. मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटरचं सामान आता मागवावं लागतं, दुकानात मिळत नाही. पत्रा दाराखाली खाल्लाय. यातली एकही गोष्ट मुलाच्या विरुद्ध जात नाही.

मात्र दुसरी किल्ली अजून वस्तीवरच आहे. तो पोरगा आता चाळिशीचा झाला, त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या वडापला असतात. रविवारी सकाळी तो येतो, ओम्नीचा चोक ओढतो, ओढ्यापर्यंत जाऊन परत येतो, बॅटरी उतरू नये म्हणून. टाकीत पेट्रोल कोण घालतं ते मी बघत नाही. मागच्या महिन्यात नवीन वायपर बसवलेले दिसले. मी विचारलं, कितीला पडले? तो म्हणाला, "आपल्याच गाडीला घातल्यात गुरुजी, इचारताय काय?" आणि चहा घेऊन गेला.